गुलाबी पाण्याची वाटी

"बेन, तमे वगाडो एटले आमां बोळवानी. पछी ज छोकरांने आपवानी."

असं म्हणत मोठ्या बेननी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेनी, माझ्या टेबलावर स्टीलची वाटी ठेवली. वाटीत गुलाबी औषधाचं पाणी. मी वाजवलेली बासरी त्यात बुडवायची, मगच पोरांच्या हाती द्यायची. सगळा वर्ग बघत होता. मी "हो" म्हणाले.

सुरतेतली, पर्वत पाटियाजवळची खाजगी प्राथमिक शाळा. मी तिथे संगीत शिकवायची. फळ्यावर सा रे ग म लिहून पोरांकडून वाचून घ्यायची. खाली टिंब म्हणजे खालचा सूर, वर टिंब म्हणजे वरचा, आडवी रेघ म्हणजे दम धरायचा. मग प्लॅस्टिकच्या बासऱ्या. लहान पोरांना फुंकर जमत नाही, बासरी नुसती किंचाळते. मग त्यांचीच घेऊन वाजवून दाखवावी लागते. पदराला पुसून परत द्यायची मी. कुणाला काही वाटत नव्हतं.

मग ट्रस्टींच्या घरी लग्न निघालं. वरातीला आमच्या बापाचा बँड. बाप लाल कोट घालून क्लॅरिनेट वाजवत होता. मी गर्दीत दिसले तसा वाजवायचं थांबून ओरडला, "ओ माय, तू जेवनी का?" केवढा आनंद झाला होता त्याला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बेननी विचारलं, "तमे केवा?" सुरतेत जात अशी विचारतात.

"मांग," मी म्हणाले. खोटं सुचलंच नाही. वाटी त्यानंतर आली.

शहरात प्लेग नुकताच होऊन गेला होता. स्वच्छतेच्या नावावर काहीही खपायचं. पण कवायतीचे सर पोरांचा बिगूल स्वतः फुंकून दाखवायचे. त्यांच्या टेबलावर वाटी नव्हती.

मी बुडवत राहिले. त्याच हंगामात बापाला फुंकायला दम पुरेना, बँड सुटला. घर माझ्यावर आलं. वाटी भिरकावून द्यावी असं रोज वाटायचं आणि हात मुकाट तिच्याकडे जायचा. स्वतःचीच किळस यायची.

दुसरीत एक पोरगी होती. आमच्याच गल्लीतली, आमच्याच जातीची. तिचा बाप कापडाच्या लूमवर कामाला. शाळेत त्याने जात कळू दिली नव्हती. पोरीला तर जात म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं.

एकदा तिचा 'प' किंचाळला. मी वाजवून दाखवला आणि बुडवायचं विसरून बासरी तशीच तिला दिली. तिने ती तोंडाला लावली नाही. दोन बोटांत धरून वाटीत बुडवली. शेजारणीला समजावलं, "बेनचं तोंड लागलं ना, मग घाण होते. आधी धुवायचं."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. धडा म्हणावा तशी बोलली. सूर तिचे चुकायचे. हे नाही चुकलं. कारण हे मी रोज करून दाखवलं होतं.

काय सांगू तिला? पोरी, माझं तोंड घाण तर तुझंही? ते बोलले असते तर तसली वाटी तिच्याही बाकावर आली असती.

मी वाटी उचलली. खिडकीतून पाणी ओतून दिलं. तिचीच बासरी घेऊन 'प' वाजवला, पदराला पुसली, तिच्यापुढे धरली.

"वाजव."

तिने दाराकडे पाहिलं. दारात मोठ्या बेन उभ्या होत्या. पोरगी रडायला लागली. बासरी तिने घेतली नाही.

उद्यापासून येऊ नका, असं मला तिथेच सांगितलं. व्हरांड्यातून जाताना एकाही शिक्षिकेने मान वर केली नाही.

आता घरी बसून साड्यांना टिकल्या लावते. संध्याकाळी गल्लीतल्या ओट्यावर पोरं बसवते, कोळशाने भिंतीवर सा रे ग म लिहिते. ती पोरगी येत नाही. आई पाठवत नाही. वाटी मी रिकामी केली, पण तिच्या डोक्यातली मला काढता आली नाही. ती मीच ठेवलेली.

म्हणून येणाऱ्या पोरांना पहिल्याच दिवशी जात सांगते. माझीही, त्यांचीही. मोठ्याने. मग बासरी. सगळ्यांत मिळून एकच आहे. आधी मी वाजवते आणि तशीच पुढे देते. ज्याला तोंड लावायचं नसेल त्याने उठून जावं. मी ती आता पदरालासुद्धा पुसणार नाही.