कमरेएवढं इंजिन

बोरीवलीच्या बागेतल्या आमच्या गाडीचं वाफेचं इंजिन जेमतेम कमरेएवढं होतं. ड्रायव्हर त्यामागे गुडघे कानाशी घेऊन बसायचा. तिकीट खिडकीत मी. रूळ गोल, तरी प्रत्येकाला मी “अप की डाउन?” विचारायचंच, हा त्याचा हट्ट.

एकदा सफारी सूट घातलेले बागेचे नवे साहेब धावत आले, तोवर शिट्टी झाली होती. हा थांबला नाही. साहेब गाडीशेजारी चालत अख्खी फेरी ओरडत राहिले, “उद्यापासून घरी बस!”

“साहेब, गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलू नये.”

फेरी संपल्यावर त्यानं घड्याळ पाहिलं. “आता बोला. दोन मिनिटं हॉल्ट आहे.”

घामाघूम साहेब माझ्या खिडकीशी आले. सवयीनं माझ्या तोंडातून निघालंच, “अप की डाउन?”

साहेब धापा टाकत म्हणाले, “अप.”