पोपटरावांचा डबा

भांडगावच्या आमच्या दवाखान्यात वजनकाटा माझ्या टेबलाशेजारी आहे. त्यामुळे माणसं आधी माझ्याशी खोटं बोलतात आणि मग डॉक्टरांशी. "ताई, मी तर काहीच खात न्हाई," असं म्हणणाऱ्याच्या मिशीला फरसाणाचा चुरा मी या डोळ्यांनी पाहिलाय. पंधरा वर्षं नर्सची नोकरी करून माझी जीभ तिखट झाली आहे, ती उगाच नाही.

खुटबावचे पोपटराव मात्र पहिल्या दिवशीच खरं बोलले. एकशे चार किलो वजन, पोट साफ नाही, छातीत जळजळ आणि मूळव्याधीतून रक्त. सोसायटीचे संचालक, म्हणजे आज याचा साखरपुडा, उद्या त्याचं जागरण-गोंधळ, आणि जाईल तिथं पंगत. "न्हाई म्हटलं की लोकं रुसत्यात, शितलताई," ते म्हणाले. पुन्हा रक्त गेलं तर ऑपरेशन, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा एवढा मोठा गडी घामाघूम झाला.

मी पथ्याचा कागद लिहून दिला. सकाळी भिजवलेले मूग, दोन्ही वेळेला एकेक ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक. तेलकट, तिखट, मटण बंद. खाली लाल पेनानं एक ओळ माझ्या मनची घातली: कुणी कितीही आग्रह केला तरी नाही म्हणायचं, घरचा डबा सोबत न्यायचा. त्या ओळीचा मला तेव्हा केवढा अभिमान होता!

माणूस जिद्दीचा. लग्नात लोक जिलेबी चापत असताना हे मांडवाच्या कडेला डबा उघडून दुधीची भाजी खायचे. गाव हसलं, हे हलले नाहीत. चार महिन्यांत अकरा किलो उतरले. जळजळ गेली, रक्त थांबलं. काट्यावरचा आकडा बघून त्यांच्यापेक्षा मीच जास्त खूश व्हायचे.

मग आखाड आला. पोपटरावांचे थोरले भाऊ गेणबा अकरा वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हते. सोसायटीच्या निवडणुकीत दोघं समोरासमोरच्या पॅनेलमधून उभे राहिले, तेव्हापासूनचं ते. बांधाला बांध, पण रामराम नाही. दादाशी बोलणं व्हावं, एवढी एकच गोष्ट पोपटरावांच्या मनात होती. वजन करतानाही ते दादाचाच विषय काढायचे. त्या आखाडात गेणबांनी बोकड कापला आणि मुलाला, सत्यजीतला, पाठवलं: "काकाला जेवायला बोलाव." आमच्याकडे भांडण मिटवायला बैठक लागत नाही. ताटावर बसून रस्सा ओरपला की मिटलं. ताटाला हात लावला नाही, तर समजायचं, मनात अजून आहे.

पोपटराव हरखून गेले. जाताना काखेत डबा.

पुढचं त्यांनीच मला सांगितलं. गेणबांच्या बायकोनं, झुंबरवहिनींनी, ताट वाढलं होतं. यांनी ते हळूच बाजूला सारलं आणि डबा उघडला. यांना वाटलं, आपण एवढं वजन उतरवलं, दादा पाठ थोपटतील. गेणबा डब्यातल्या भाकरीकडे बघत राहिले.

"पोपट, तुला काय वाटलं? म्या जेवणात काय घालीन व्हय?"

"न्हाई दादा, पथ्य हाय माझं..."

"अकरा वर्सांनी आलास आन् भाकर घरून आणलीस." गेणबा न जेवताच उठले.

हे सांगून पोपटरावांनी मला विचारलं, "ताई, एक दिस खाल्लं असतं तर काय झालं असतं?"

"काही झालं नसतं," मी म्हणाले. खरं तेच होतं. फार तर दोन दिवस जळजळ. 'मग आजच जाऊन जेवा' असं मी त्यांना ठणकावायला हवं होतं. पण माझी नजर काट्यावर. "आता मध्येच मोडू नका. आठच किलो राहिलेत. पंच्याऐंशी झाले की जा आणि पोटभर जेवा." ते मान डोलावून गेले. माझं ऐकायची त्यांना सवय लागली होती.

मार्गशीर्षात गेणबा उसाच्या फडात उभ्या उभ्या कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. आदल्याच दिवशी पोपटराव काट्यावर उभे होते. शहाऐंशी. एक किलो राहिला होता. मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

तेराव्याला मी गेले. घरच्यांच्या पंगतीत पोपटराव मांडी घालून बसले होते, डोकं भादरलेलं. आज डबा नव्हता. वाढपी लापशीची बादली घेऊन त्यांच्यापुढे वाकला, तेवढ्यात उंबऱ्याशी बसलेल्या झुंबरबाई बोलल्या. आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तो नुसता दमलेला होता.

"भावजींना वाढू नका. त्यांचं पथ्य हाय."

वाढपी थबकला आणि पुढे सरकला. पोपटरावांचे ओठ 'वाढ की रे' एवढेच हलले. समोर बायकांच्या पंगतीत बसलेल्या मला ते दिसलं, आवाज काही आला नाही. पंगत उठेपर्यंत ते रिकाम्या पत्रावळीपुढे तसेच बसून राहिले. माझ्या पत्रावळीवर मात्र लापशी भरपूर वाढली होती.