तेविसावं घर

"कसे पडलात?" मी विचारलं.

"पाडल्यान."

"कोणी?"

तात्यांनी छताकडे बोट केलं.

केस पेपरवर 'मोड ऑफ इंज्युरी' असा एक रकाना असतो. दुखापत कशी झाली ते त्यात लिहायचं. मी लिहिलं, 'ओल्या फांदीवरून घसरून पडले.' बासष्ट वर्षांचा माणूस पावसाळा सरता सरता शेवाळलेल्या आंब्याच्या कलमावर बांडगुळं तोडायला चढतो, तेव्हा देवाला वेगळं काही करावं लागत नाही. हे मी मनातच म्हटलं. नव्या पेशंटशी पहिल्या दिवशी भांडायचं नाही, एवढं मी वीस वर्षांत शिकले आहे.

मी फिजिओथेरपिस्ट, जामसंड्यात माझं क्लिनिक आहे. तात्यांच्या मांडीचं हाड मोडलं होतं. कोल्हापूरला रॉड घातला, हाड छान जुळत होतं. अडचण गुडघ्याची होती. पाय बरेच दिवस सरळ ठेवला की गुडघा गंजलेल्या बिजागरीसारखा धरतो. तो किती वाकतो हे आम्ही गोनिओमीटरने मोजतो. शाळेतल्या कोनमापकाला दोन पट्ट्या लावल्या की झाला गोनिओमीटर. तात्यांचा गुडघा पंचेचाळीस अंश वाकत होता. खुर्चीत नीट बसायला नव्वद लागतात, पायऱ्यांना थोडे जास्त. पहिल्या दोन-तीन महिन्यांत मेहनत घेतली नाही, तर पुढे जन्मभर पाय पसरून बसायची वेळ येते.

आणि तात्यांना पायऱ्या चढायच्याच होत्या. त्यांच्या गावच्या देवळात जत्रेला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराचा. देवापुढे उभं राहून एकेका घराचं नाव घ्यायचं, त्यांचं भलं मागायचं, आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. देऊळ अठ्ठावीस पायऱ्या वर. जत्रा सहा आठवड्यांवर.

"जत्रेक चढतलंय मां?"

"घरी रोज व्यायाम केलात तर चढाल."

तात्यांनी मान डोलावली.

पुढच्या आठवड्यात अठ्ठेचाळीस अंश. त्याच्या पुढच्याही आठवड्यात अठ्ठेचाळीसच. व्यायाम करता ना, असं विचारलं की "करतंय तर." तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या बायकोने, काकींनी, मला क्लिनिकच्या दारातच गाठलं.

"खोटा सांगतत ते. दिवसभर खाटेर पडान रवतत. म्हणतत, देवान शिक्षा दिल्यान, ती भोगूकच व्हयी."

माझं डोकं फिरलं. सहातले तीन आठवडे फुकट गेले होते. तशीच आत गेले.

"तात्या, शिक्षा कसली?"

"चूक झाली माज्याकडसून. ती तुका सांगूची नाय."

"फांदीवर शेवाळ होतं म्हणून पडलात तुम्ही."

"शेवाळ कोणी आणल्यान?"



"बरं," मी म्हटलं, "देवाने पाय मोडला. मग डॉक्टर तो जोडायला बसले, तेव्हा देवाने त्यांचा हात धरला का?"

"नाय."

"म्हणजे शिक्षा तेवढीच होती. गुडघा तुम्ही आखडून घेताय, तो देवाच्या नावावर खपवू नका."

काकी घाबरून माझ्याकडे बघत होत्या. तात्या मात्र हसले. "बोलतंस बरा गो. तुका गाऱ्हाण्याक उभी करूक व्हयी."

तिथेच मला सुचलं. "मला कशाला, तुम्हीच घाला. आत्ता, इथे. एक घर, एकदा गुडघा वाकवायचा. अशी तीस घरं. काकी, तुम्ही होय म्हणा."

तात्या कॉटच्या कडेला बसले. घसा खाकरला.

"बा देवा म्हाराजा, खालच्या वाडीतला पयला घर, तेंच्या पोराबाळांका सुखात ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," काकी म्हणाल्या, आणि टाच मागे सरकली.

आवाज असा, की बाहेर थांबलेले पेशंट गळ्यातल्या पट्ट्यासकट दारात आले. दुखत होतं, कपाळावर घाम होता, पण गाऱ्हाणं मध्ये तोडता येत नाही. लयच तोडू देत नाही. मी आजवर गाणी लावून पाहिली, मोबाईलवर आकडे मोजून पाहिले, पण याच्यापुढे ते काहीच नाही.

बावीस घरं झाली आणि तात्या थांबले.

"दुखतंय?"

"नाय."

"मग पुढचं घर?"

 काकी जमिनीकडे बघून म्हणाल्या, "पुढला घर भाऊंचा. ह्येंचो चुलतभाव. गडग्यावरसून भांडाण आसा दोघांचा. गेल्या जत्रेक ह्येनी तेंचा घर गाळल्यानी. तेंची सून तेव्हा पोटाशी होती. सगळा बऱ्यान झाला, पण पोरगी भियान अर्धी झाली."

कुंपणाच्या चार दगडांसाठी एका पोटुशा मुलीला देवापुढून वगळलं होतं. मला तात्यांचा राग आला. तीन आठवडे मुद्दाम लंगडं राहणाऱ्या त्या माणसाची कीवही आली.

"व्यायाम तिसाचा आहे," मी म्हटलं. "बाविसावर मी कोणाला सोडत नाही."

तात्यांनी कपाळावरचा घाम पुसला. मग त्यांनी भाऊंच्या घराचं नाव घेतलं, अगदी हळू. काकींचा होकार मात्र खणखणीत आला. त्या नावाला गुडघा काही जास्त वाकला नाही, खोटं कशाला सांगू. पण उरलेली सात घरं तात्यांनी न थांबता घेतली.

मग घरीही सकाळ-संध्याकाळ गाऱ्हाणं सुरू झालं. साठ, अठ्ठ्याहत्तर, शेवटच्या आठवड्यात शहाण्णव.

जत्रेला मी मुद्दाम गेले. तात्या हातात काठी घेऊन, मी शिकवल्याप्रमाणे चांगला पाय आधी टाकत, अठ्ठावीस पायऱ्या चढले. तेविसाव्या घराचं नाव त्यांनी एवढ्या मोठ्याने घेतलं की बाहेर जत्रेतलं गोड खाजं विकणाऱ्यांनीही ऐकलं असेल. भाऊ खांबाला टेकून उभे होते. ते जागचे हलले नाहीत. त्यांची सून मात्र बाळाला कडेवर घेऊन पुढे आली आणि सगळ्यांबरोबर 'व्हय म्हाराजा' म्हणाली.  गडग्याचं भांडण अजून चालू आहे.

शेवटच्या भेटीत मी फाईल बंद करत होते, तेव्हा तात्या म्हणाले, "आता लिव बाय. फांदी वली होती, पाय सराकलो."

"पहिल्याच दिवशी लिहिलंय."

"म्हणजे माज्यावर इश्वास नाय ठेवलंस?"

"ठेवला होता. रकाना लहान होता."

माणूस कसा पडला, हे मला कळतं. कशासाठी पडला, ते अजूनही कळत नाही. पण आता पेशंट घरी व्यायाम करत नसला, की मी आधी विचारते, कोणाशी बोलणं बंद आहे का? गुडघ्याशी त्याचा काही संबंध नसतो. पण तीन आठवडे वाचतात.