माहेरच्या नावाचं ऑपरेशन

"इतके दिवस का लपवलंत?" सोनोग्राफीचा कागद टेबलावर ठेवत डॉक्टरीणबाईंनी विचारलं. गर्भाशयात फायब्रॉइड होतं, म्हणजे गाठ, कॅन्सरची नव्हे. पण अंगावरून जाऊन जाऊन हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातलं लाल द्रव्य, पार उतरलेलं. गर्भाशय काढावं लागणार होतं. काय सांगू? बिदरजवळच्या कोळारच्या गोदामातलं यांचं काम सुटलं, त्याच महिन्यात माझा त्रास वाढला. यांनी बोलणं टाकलं आणि मी दुखणं गिळलं.

इकडं कर्नाटकात, बिदरात, ऑपरेशन सरकारी योजनेत बसेना. सासरच्या रेशनकार्डावर माझं नावच नव्हतं. लग्नाला चौदा वर्षं झाली, तरी ते महाराष्ट्रात, उदगीरला, अप्पांच्या म्हणजे माझ्या वडलांच्या कार्डावर. आईला माझ्या वाट्याचं धान्य मिळतं म्हणून मीच ते हलवलं नव्हतं. आमच्या सीमेवरच्या किती बायांचं असंच आहे! आधार कार्डही माहेरच्याच नावाचं. लातूरला मात्र सगळं फुकट होणार होतं, अप्पांची लेक म्हणून.

हे भडकलेच. "माझ्या बायकोचं ऑपरेशन सासऱ्याच्या कार्डावर? मी काय मरून गेलो व्हय?"

"मग मी मरू व्हय?" मीही रागानंच म्हणाले.

आठ दिवस बिदरातल्या मैलूर भागातल्या आमच्या एका खोलीत आम्ही एकमेकांकडं पाठ करून जेवलो. जिना चढताना मी दोनदा बसायचे, आणि हे बघून न बघितल्यासारखं करायचे. खरं सांगते, गाठीपेक्षा ते जास्त दुखलं.

नवव्या दिवशी न सांगताच हे उदगीरच्या बसमध्ये बसले. लग्नातल्या मानपानावरून रुसलेल्या या माणसानं तोवर माझ्या माहेरचा उंबरा ओलांडला नव्हता. संध्याकाळी कार्ड घेऊन आले.

"अप्पा काय म्हणाले?"

"कामून आलाव, विचारलं न्हाई. जेवा म्हणाले. जेवलो."

आता टाके सुकलेत म्हणून सांगते, बायांनो. घरात कमाई नसली तरी दुखणं सांगा. आणि आपलं नाव कुठल्या कार्डावर आहे, ते धडधाकट असतानाच बघून ठेवा.

ऑपरेशनच्या दिवशी लातूरच्या वॉर्डात सिस्टरनं पुकारलं, "सुनीता माणिक!" वडलांच्या नावासकट हाक शाळेनंतर ऐकलीच नव्हती, मला कळेचना. कोपऱ्यातून हेच उठले. संमतीच्या कागदावर नातेवाइकाची सही हवी होती.

"तुम्ही कोण? भाऊ?"

मी डोळे मिटले. वाटलं, आता हे तडक बाहेर निघून जाणार.

"नवरा," हे म्हणाले. साऱ्या वॉर्डातल्या बायांनी वळून बघावं इतक्या मोठ्यानं. "कार्डावर न्हाई मी. पर नवरा मीच हाय. कुठं करू सही?"