नात्याचे काका आणि नमुन्याची पेटी

वस्तूपेक्षा तिच्या खोक्यावर जास्त जीव लावणारा माणूस महाड-पोलादपूर पट्ट्यात एकच निपजला, आणि तो नेमका माझ्या घड्याळाच्या दुकानात येऊन बसतो. त्याला सगळे नात्याचे काका म्हणतात. ते माझ्या नात्यातले नाहीत, नाते गावचे आहेत. हा खुलासा मी आजवर इतक्या जणांना केलाय, की आता आमचं खरंच काहीतरी नातं लागत असावं असा संशय मलाच येऊ लागला आहे.

काकांचा धंदा पुस्तकबांधणीचा. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं आणि चवदार तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या माझ्या दुकानातलं एक स्टूल कायमचं ताब्यात घेतलं. गिऱ्हाईक घड्याळ बघत असतं, काका खोका बघत असतात. उलटा करतात, कोपऱ्यावर नख फिरवतात, नाकाशी नेऊन डिंकाचा वास घेतात आणि गिऱ्हाइकाच्या देखत म्हणतात, "घड्याळ चालंल हो, पन खोका नाय टिकायचा." पोलादपूरला एका बारशात त्यांना पेढ्यांचा खोका मिळाला, तर त्यांनी पेढे तिथल्याच ताटात रिकामे केले आणि यजमानांना सांगितलं, "हे तुम्ही खावा, मी खोका नेतो." आहेर उघडताना कोणी कागद टराटरा फाडला तर यांच्या चेहऱ्यावर पोटात कळ आल्यासारखे भाव उमटतात. त्यांच्या घरी माळ्यावर रिकाम्या खोक्यांची वस्ती आहे. काकू एकदा मला म्हणाल्या, "मी खोक्यातनं आले असते ना, तर ह्यांनी मला जास्त जपलं असतं."

तर एका मे महिन्यात वरंधची चार-पाच तरुण मंडळी दुकानात आली. मुंबईत कामाला असलेली, लहानपणी एकाच अंगणवाडीत बसलेली. त्यांच्या बाई जूनअखेर निवृत्त होणार होत्या. बाईंना घड्याळ द्यायचं ठरलं होतं. घड्याळ पाच मिनिटांत पसंत झालं. जाता जाता त्यातली एक मुलगी म्हणाली, "अंकल, पॅकिंग जरा भारी करा हां."

हे वाक्य तिनं काकांच्या देखत उच्चारायला नको होतं. मुलं रस्त्यावर पोचायच्या आत काकांनी माझ्या बिलबुकाच्या मागे पेटीचं चित्र काढायला घेतलं. रेघा वाकड्या येत होत्या, पण माप तोंडपाठ होतं. मी पुण्यातल्या एका पेट्या बनवणाऱ्याला फोन लावून दिला. तो म्हणाला, कमीत कमी शंभर नग घ्यावे लागतील.

"अवो, लग्नाला शंभर मानसं येतात," काका म्हणाले, "म्हनून नवऱ्या शंभर आनायच्या काय?"

मग काकांनी आवाज एकदम मऊ केला. "बरं, शंभराच्या आधी नमुना तरी पाठवता ना?" तो म्हणाला, पाठवतो. "मग पाठवा," असं म्हणून काकांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून एक डोळा मिटला.

पहिला नमुना आला. चांगला होता. काकांनी तो उचलून थेट पाण्यानं भरलेल्या बादलीत सोडला. मी ओरडलो. ते म्हणाले, "महाडात राहायचं तर वस्तूला पवता आलं पायजे. सावित्रीचा पूर इचारून येतो काय?" पेटीनं दोन मिनिटं दम धरला आणि मग तळ गाठला. पुण्याला निरोप गेला: नमुना बुडाला, दुसरा पाठवा.

दुसरा तरंगला, पण त्याचा रंग काकांना रुचला नाही. त्यांना जांभळा हवा होता. "जांभळाचा नाय रे. जांभूळ खाल्ल्यावर जिभंचा असतो, तसा." हे पुण्याला फोनवर कसं समजवायचं? काकांनी पाव किलो जांभळं आणली, शांतपणे खाल्ली, जीभ बाहेर काढून माझ्यासमोर उभे राहिले आणि बोटानं खूण केली की काढ फोटो. मी तो पाठवला. एका अनोळखी व्यावसायिकाला मी आयुष्यात पाठवलेला तो सर्वांत लाजिरवाणा फोटो. शिवाय झाकणाचा आवाजही त्यांना पसंत नव्हता. "शहान्या मानसानं बोलनं संपवून तोंड मिटावं, तसं मिटलं पायजे."

जून संपत आला. वरंध घाट पावसानं बंद, पार्सल ताम्हिणीवरून फिरून येणार. काका रोज कुरियरवाल्याच्या दारात. समारंभाच्या आदल्या दिवशी तिसरी पेटी आली. रंग अगदी जिभेचा. आत चिठ्ठी होती: 'काका, शंभरची ऑर्डर येणार नाही हे मला तुमचा फोटो बघूनच कळलं. ही घ्या.' काकांना आनंदापेक्षा राग जास्त आला. "ह्याला कळलं कसं?" मग त्यांनी पुण्याला घरची आमसुलं पाठवली. ती कुठल्या खोक्यात घालायची हे ठरवायला चार दिवस लागले.

समारंभ छान झाला म्हणे. मला वाटलं, विषय संपला.

आठवड्याभरानं दुपारी दुकानात एक बाई आल्या. हातावर नवं घड्याळ, म्हणून ओळखल्या. पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली पेटी त्यांनी काढली आणि काउंटरवर अलगद ठेवली. वरंधपासून एसटीत ती मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"भाऊ, ही तुमची पेटी. त्या दिवशी गडबडीत माझ्याकडेच राहिली. दुसऱ्या कोणाला द्यायला लागंल ना."

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी हात पुढे करून टॉवेल पेटीवरून सरळ केला.

"बाई," ते म्हणाले, "ती तुमचीच हाय."

"काहीतरीच! अशी पेटी कोन देऊन टाकतं काय?"

"तुमच्यासाठीच बनवून घेतली. अशी दुसरी नाय."

बाईंनी पदरानं हात पुसले आणि पेटीवर ठेवले. "तुम्ही केलीत?"

"पूर्वी केली असती. आता सुरी सरळ चालत नाय. मी नुसता मागत बसलो होतो."

"मागायलाबी कळायला लागतं, काका," बाई म्हणाल्या. तीस वर्षं लहान मुलांना समजावलेला आवाज होता तो.

काकांनी नाक ओढलं, स्टुलावरून उठले आणि म्हणाले, "चला, एसटीपर्यंत सोडतो." पेटी त्यांनी बाईंना उचलू दिली नाही. दोन्ही हातांत धरून ते निघाले. हात थरथरत होते. बाई शेजारून चालत होत्या, आणि पेटीच्या खाली, लागलाच तर असावा म्हणून, आपला एक हात त्यांनी धरून ठेवला होता. काकांना तो दिसला की नाही कोण जाणे. मी पायरीवर उभा राहून दोघं वळणाआड होईपर्यंत बघत राहिलो.