पायऱ्यांपाशी काढलेले बूट

बाहेर पडायच्या घाईत, बूट घालूनच बेसमेंटमध्ये उतरलो, विंटर टायर्समागून जुनी सॅक ओढली आणि तिला अजून राळेच्या धुराचा वास येत होता. बाबा इथल्या, कॅनडातल्या रेजिनाच्या हॉस्पिटलातून रिटायर झाले तेव्हा आम्ही दोघं पाठीवर सॅक टाकून मध्य अमेरिकेत बेलीझला गेलो होतो, आणि एका सकाळी चालतच बॉर्डर ओलांडून ग्वाटेमालात मायांची जुनी देवळं बघायला शिरलो. जंगलात घामाच्या धारा लागल्या होत्या, वर माकडं ओरडत होती आणि माझा जीव परतीच्या शेवटच्या व्हॅनमध्ये अडकलेला. उंच पायऱ्यांपाशी बाबा वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. "अहो बाबा, हे रुइन्स आहेत. इथे कोण बूट काढतं? उशीर होतोय!" "देऊळच आहे ना?" म्हणत ते तापलेल्या दगडावर अनवाणी चढू लागले. हेच बाबा रेजिनातल्या देवळाशी आईला सोडून स्वतः पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहायचे. मी खाली नुसत्या येरझाऱ्या घालत होतो. तिथलीच एक म्हातारी बाजूला धुपासारखी राळ जाळत बसली होती. ती उठली, उन्हातले बाबांचे बूट उचलून तिनं झाडाच्या सावलीत ठेवले आणि परत धुरापाशी जाऊन बसली. खाली आल्यावर बाबांनी बुटांत पाय घातले, ते गार लागले तसे तिच्याकडे बघून हात जोडले, आणि निघायचं नावच घेईनात. व्हॅन मिळाली शेवटी. बाबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. वरून मुलगी ओरडली, "डॅड, वी आर लेट!" "आलो," म्हटलं, आणि पायातले बूट काढून तिथेच पायरीवर बसून राहिलो.