सळया ठेवायच्या की कौलं घालायची

नीता रस्त्याने चालते ती मान वर करून. क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमधून निघून पाया लेबारच्या ऑफिसात पोचेपर्यंत तिची चार-दोन छपरं तरी बघून होतात. विमा कंपनीत पगारपत्रकं करणाऱ्या बाईला छपरांचं काय पडलंय, असं तिच्या सहकाऱ्यांना वाटतं. पण तिचा नवरा शैलेंद्र, जहाजांवरचा इंजिनिअर, आता निवृत्तीला आला आहे आणि गुहागरजवळ त्यांचं घर उभं राहतंय. भिंती झाल्या. वर काय घालायचं, यावर घोडं अडलं होतं.

शैलेंद्रला हवं होतं चौपाखी कौलारू छप्पर, चारी बाजूंना उतार असलेलं. नीताला हवा होता सपाट स्लॅब, आणि त्याच्या वर खांबांच्या सळया उभ्या सोडलेल्या. पुढेमागे मजला चढवायचा तर सळया लागतातच. गावात सगळेच सोडतात. हा मजला कोणासाठी, हे नीता उघड बोलत नव्हती, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची एकुलती एक लेक जाई इथेच, परदेशात शिकली, इथेच नोकरीला लागली. सळया कापल्या तर लेकीची परतायची वाट आपणच बंद केली, असं नीताला वाटायचं.

"स्लॅब घालायचा, तो गळणार, मग त्यावर निळा पत्रा ठोकायचा," शैलेंद्र म्हणायचा. "त्यापेक्षा आधीच उतार दिला तर काय बिघडलं?"

रविवारी बिशानला नीताच्या मैत्रिणीकडे, अनघाकडे तिघं जेवायला गेली. निघताना शैलेंद्रने खालूनच बोट दाखवलं. "एवढ्या उंच इमारती, पण डोक्यावर बघ. उतरतं छप्पर. इथल्या लोकांना पाऊस कळतो."

"त्यांना वर कोणाला ठेवायचं नाहीये," नीता म्हणाली.

जाई आइस्क्रीम खात होती. "आणि तू मला ठेवणार आहेस? वर?"

"तसं नाही गं. तुला कधी राहावंसं वाटलं तर."

"नाही वाटणार, आई. खोटं कशाला सांगू? मी येईन, सुट्टीला येईन. पण तू त्या सळया बघत बसणार आणि काळजी करत बसणार. कॅन्ट लाह, हे नाही चालायचं."

तिघं एमआरटीने, इथल्या मेट्रोने, परत निघाली. नीताला वाईट वाटलं होतंच. पण बुओना व्हिस्टाला गाडी बदलताना तिच्या लक्षात आलं की जरा हलकंही वाटतंय. आता लेकीला आडून आडून विचारायला नको, तिच्या प्रत्येक 'बघू'चा अर्थ लावायला नको.

घरी पोचताच तिने गुहागरला परेशला, त्यांच्या कंत्राटदाराला, फोन लावला.

"वहिनी, सुतार थोपवून धरलाय मी. आता तरी सांगा."

"चौपाखी करा. सळया नकोत. आणि पाखी चांगली पुढे काढा, ओटीवर शिंतोडे यायला नकोत."

शैलेंद्रच्या हातातला चहा हातातच राहिला. "हेच मी सांगत होतो तेव्हा भांडत होतीस."

"तू सांगत होतास म्हणूनच."

जाई सोफ्यावरून म्हणाली, "मग माझी रूम कुठली?"

"मागची. पाहुण्यांची."

"पाहुण्यांची? आई, मी गेस्ट आहे का?"

"तूच म्हणालीस ना, सुट्टीला येणार."

"सो? सुट्टीला आले की मी पाहुणी होते?" जाईने फणकाऱ्याने शैलेंद्रच्या फोनवर घराचा नकाशा उघडला, बोटांनी मोठा केला आणि समुद्राकडची खोली धरली. ती शैलेंद्रने पहिल्या दिवसापासून स्वतःसाठी राखली होती. आरामखुर्ची कुठे ठेवायची तेही ठरलं होतं. त्याने हक्क सांगून पाहिला.

"बाबा, तुम्ही आयुष्यभर समुद्रच बघितलात," जाई म्हणाली.

नीताने परेशला पुन्हा फोन लावला आणि त्या खोलीची खिडकी थोडी रुंद करायला सांगितली.